फायरवॉलचा नियम टाकूनही पोर्ट उघडत नाही? आधी पॅकेट कुठे अडतं ते शोधा

ऑफिस अंधेरीत, लिनक्स सर्व्हर ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये. पोस्टग्रेस या डेटाबेससाठी फायरवॉलमध्ये ५४३२ पोर्ट (सर्व्हरचं क्रमांक दिलेलं दार) उघडायचा नियम टाकला, तरी ऑफिसमधून डेटाबेस लागत नाही. अशा वेळी फायरवॉलच बंद करून बघू नका, डेटाबेस सगळ्या इंटरनेटला उघडा पडतो.

पहिलं काम परतीच्या वाटेचं. आयपीटेबल्स म्हणजे लिनक्सच्या फायरवॉलचे नियम सांभाळणारी कमांड. ‘आयपीटेबल्स-सेव्ह’ने आत्ताचे नियम फाइलमध्ये घ्या आणि ‘ॲट’ कमांडने तीच फाइल १० मिनिटांनी आपोआप परत लागेल असं करून ठेवा. काम जमलं की ते रद्द करा. हे न करता चुकून एसएसएचचं (दुरून सर्व्हरवर लॉगिन करायचं) २२ पोर्ट बंद केलं, तर शेवटची लोकल चुकलेल्या रात्री ऐरोली गाठायची वेळ येते.

मग एरर नीट वाचा. ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ म्हणजे पॅकेट (नेटवर्कवरून जाणारा डेटाचा तुकडा) वाटेत कुणीतरी गुपचूप टाकून देतंय. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर बहुतेक वेळा पॅकेट पोचलंय, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही, किंवा फायरवॉलच्या ‘रिजेक्ट’ नियमाने ते परतवलंय. सर्व्हरवर ‘एसएस -टीएलएन’ चालवा. ५४३२ समोर फक्त १२७.०.०.१ (सर्व्हरचा स्वतःपुरता पत्ता) दिसलं, तर फायरवॉलचा दोष नाही. पोस्टग्रेसच्या कॉन्फिगमधलं ‘लिसन ॲड्रेसेस’ बदला आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा.

तिथे ठीक असेल तर ‘आयपीटेबल्स -एल इनपुट -एन -व्ही --लाइन-नंबर्स’ चालवा. ‘इनपुट’ ही सर्व्हरवर येणाऱ्या पॅकेट्सच्या नियमांची साखळी. यातला पॅकेट्सचा रकाना सगळ्यात कामाचा, आणि नेमकं त्याकडेच कुणी बघत नाही. ऑफिसमधून पुन्हा जोडून बघा, लगेच यादी परत काढा. समजा ४ नंबरच्या सरसकट ‘रिजेक्ट’चा आकडा ३८ वरून ४१ झाला आणि ५ नंबरचा तुमचा ‘ॲक्सेप्ट’ ० वरच राहिला. चूक सापडली! नियम वरून खाली तपासले जातात, जुळणाऱ्या पहिल्या नियमावर निकाल लागतो, आणि ‘-ए’ने टाकलेला नियम शेवटी जाऊन बसतो. तो काढा आणि ‘-आय इनपुट ४’ने रिजेक्टच्या वर घाला. उबंटूवर ‘नेटफिल्टर-पर्सिस्टंट सेव्ह’ केलं नाही, तर रीबूटनंतर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

दोन्ही आकडे हललेच नाहीत तर येणारी-जाणारी पॅकेट्स दाखवणारी ‘टीसीपीडंप पोर्ट ५४३२’ ही कमांड लावा. येणारं पॅकेट त्यात फायरवॉलच्या आधी दिसतं. तिथेही काही नाही, म्हणजे अडथळा सर्व्हरच्या बाहेर आहे. क्लाउडवर असाल तर सिक्युरिटी ग्रुप (क्लाउडचं स्वतःचं फायरवॉल) बघा. पॅकेट दिसलं, तर त्यांच्या वरचा एखादा नियम ते अडवतोय का बघा. आणि नियम वर घातल्यावरही रिजेक्टचाच आकडा वाढत असेल, तर टीसीपीडंपमध्ये दिसणारा सोर्स आयपी (पॅकेट जिथून आलं तो पत्ता) तुमच्या नियमातल्या आयपीशी ताडून बघा. ब्रॉडबँडचा राउटर बंद-चालू झाला की ऑफिसचा आयपी बदलू शकतो आणि नियमात जुनाच राहतो.

डॉकर (प्रोग्राम ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारं साधन) असेल तर उलटा घोटाळा होतो: इनपुटमध्ये बंद केलेलं पोर्ट बाहेरून उघडंच राहतं. कंटेनरचं ट्रॅफिक इनपुटमधून नाही, तर पुढे पाठवायच्या पॅकेट्सच्या फॉरवर्ड साखळीतून जातं, म्हणून नियम ‘डॉकर-यूझर’ साखळीत टाका, आणि त्यात बाहेरचा नव्हे, कंटेनरच्या आतला पोर्ट नंबर लिहा. पॅकेट तिथे येईपर्यंत नंबर बदललेला असतो.