अर्धवट राहिलेल्या कादंबरीमालेतील पात्रांच्या छोट्या मूर्ती कशा रंगवाव्यात

कल्पनारम्य कादंबरीमालेचा पुढचा भाग येणार, येणार असे ऐकण्यात वर्षे लोटतात, आणि ज्या पात्रांबरोबर आपण हजारो पाने चाललो ती एखाद्या पुलाच्या मध्यावर किंवा वेढ्याच्या ऐन रात्री तशीच उभी राहतात. माझ्याही कपाटात अशी एक माला आहे. तिच्यातील डोंगरी सरहद्दीवरचा एक वाटाड्या मला फार प्रिय आहे, आणि शेवटच्या प्रकाशित पानावर तो भर पावसात, डावा हात गळ्यात बांधून, नदीच्या उताराशी थांबलेला आहे. त्याचे पुढे काय झाले हे न कळल्याने होणारा त्रास इतरांना क्षुल्लक वाटेल, पण मन लावून वाचणाऱ्यांना तो ठाऊक असतो. तीन वर्षांपूर्वी ठाण्याच्या नौपाड्यातल्या घरी मी त्या वाटाड्याची २८ मिलिमीटरची मूर्ती रंगवायला घेतली, आणि तेव्हापासून त्या मालेतील अकरा पात्रे माझ्या हातून रंगून झाली आहेत. ज्यांनी शाळेनंतर कुंचला हातात धरलेला नाही अशा वाचकांसाठी त्या कामाची रीत येथे सांगत आहे.

आधी पुस्तक, मग रंग

मूर्ती विकत घेण्यापूर्वी पात्र निवडावे आणि त्याच्यासाठी एक वही घालावी. पुस्तक पुन्हा वाचताना त्या पात्राचा रंग, कापड, शस्त्र, जखम, केस आणि भोवतालचे हवामान यांचा जेथे जेथे उल्लेख येईल, तेथे पेन्सिलीने खूण करून तो वहीत पृष्ठक्रमांकासह उतरवावा. हे काम कंटाळवाणे वाटण्याची शक्यता आहे. माझ्या मते मात्र या छंदातील सर्वांत समाधानाचा भाग हाच आहे, कारण पुढे काय होणार याच्या घाईत आपण जे वगळलेले असते ते येथे सापडते. माझ्या वाटाड्याचा झगा गडद निळा आहे, एवढेच मला आठवत होते. वही भरताना लक्षात आले की तो निळा रंग केवळ पहिल्या भागात आहे. नंतर दोन उन्हाळे त्याने उघड्यावर काढले आहेत, खांद्यावरचा रंग उडाला आहे, आणि शेवटच्या प्रकरणात झग्याची खालची कड चिखलाने जड झाली आहे. या तीन नोंदींनी पुढच्या प्रत्येक टप्प्यावर काय करायचे ते ठरवून दिले.

पात्र कोणत्या क्षणी दाखवायचे, हाही निर्णय येथेच घ्यावा. मनातल्या मनात रचलेला शेवट रंगवण्याचा मोह होतो, कोणाच्या डोक्यावर मुकुट तर कोणाच्या हातात शत्रूची तलवार द्यावीशी वाटते. ते टाळावे आणि शेवटच्या छापील पानावर पात्र जसे आहे तसेच रंगवावे, असे माझे ठाम मत आहे. कल्पनेतल्या शेवटासाठी प्रत्येक रंग अंदाजाने निवडावा लागतो. छापील पानाला मात्र प्रश्न विचारता येतात आणि ते उत्तरे देते.

मूर्ती आणि साहित्य

हव्या त्या पात्राची तयार मूर्ती मिळेलच असे नाही. अशा वेळी पोशाखापेक्षा उभे राहण्याची ढब जुळते का ते पाहावे, कारण पोशाख रंगाने बदलता येतो, ढब बदलता येत नाही. या मूर्ती कठीण प्लास्टिकच्या, रेझिनच्या (द्रवरूपातून कडक होणाऱ्या राळेसारख्या पदार्थाच्या) किंवा धातूच्या असतात. संगणकावरील आराखड्यावरून (थ्रीडी प्रिंटिंगने) रेझिनमध्ये छापून घेतलेल्या मूर्तीही आता सहज मिळतात. त्या हाताला चिकट लागत असतील तर रेझिन पूर्ण कडक झालेले नाही असे समजावे आणि हातमोज्यांशिवाय त्यांना हात लावू नये.

पहिल्याच दिवशी महागडी मूर्ती रंगवायला घेऊ नये. दिवाळीच्या सुमारास किल्ल्यावर मांडण्यासाठी मिळणारे मातीचे मावळे आणून त्यांच्यावर पांढरा रंग देऊन सराव करावा. त्यांचे फेटे, अंगरखे आणि ढाली मोठ्या व ठसठशीत असल्याने कुंचल्याचा दाब लवकर समजतो.

कुंचले दोनच चांगले घ्यावेत, एक शून्य क्रमांकाचा आणि एक दोन क्रमांकाचा, दोन्ही गोल आणि अणकुचीदार टोकाचे. बारीक कामाला अतिबारीक कुंचला लागतो ही समजूत चुकीची आहे. त्याच्या चार केसांत रंग मावत नाही आणि मूर्तीपर्यंत पोहोचेपर्यंत तो वाळतो. याशिवाय एक जुना, झिजलेला चपटा कुंचला जपून ठेवावा. रंग ॲक्रिलिक हवेत. मूर्तींसाठी खास बनवलेल्या रंगांची पूड बारीक दळलेली असते, म्हणून ते पातळ करूनही नीट झाकतात. चित्रकारांचे नळीतले ॲक्रिलिक स्वस्त पडतात आणि सुरुवातीला चालतात, मात्र ते पाण्याबरोबर थोडे ॲक्रिलिक माध्यम, म्हणजे रंगाला बांधून ठेवणारे बिनरंगी द्रव, घालून पातळ करावेत.

मूर्ती प्रथम कोमट पाण्यात भांडी घासण्याचा साबण घालून जुन्या टूथब्रशने धुवावी, कारण साच्यातून सुटावी म्हणून लावलेला तेलकट थर तिच्यावर राहिलेला असू शकतो आणि त्यावर रंग धरत नाही. साच्याच्या दोन भागांची जोडरेषा चाकूच्या पात्याच्या बोथट बाजूने खरवडून काढावी. रेझिन कधीही कोरडे घासू नये, पाण्यात भिजवून घासावे आणि तोंडावर मास्क बांधावा, कारण त्याची धूळ फुप्फुसांना अपायकारक असते. धातूचे व रेझिनचे भाग सायनोॲक्रिलेट, म्हणजे झटपट चिकटणाऱ्या, गोंदाने जोडावेत. कठीण प्लास्टिकसाठी मात्र प्लास्टिक किंचित वितळवून सांधणारा गोंद मिळतो, तो अधिक टिकतो.

अस्तर आणि ठाण्याची हवा

रंगाच्या खाली अस्तराचा थर नसेल तर रंग बोटाच्या नखाने निघून येतो. सर्वत्र स्प्रेच्या डब्याने अस्तर मारण्याची पद्धत आहे, परंतु खाडीकाठच्या आपल्या शहरात तिचा जपून वापर करावा लागतो. पावसाळ्यात ठाण्याच्या हवेतील आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांच्या वर असते. स्प्रेतील द्रावक झपाट्याने उडून जातो, त्यामुळे मूर्तीचा पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतील बाष्प त्या ओल्या थरात उतरते. वाळल्यावर त्यावर दुधट, धुरकट पापुद्रा दिसतो. माझी दुसरी मूर्ती जुलैमध्ये गॅलरीत उभे राहून अस्तर मारताना अशीच वाया गेली. एप्रिल-मेच्या दुपारी उलट घडते, रंगाचे कण हवेतच अर्धवट वाळतात आणि मूर्तीवर रवा सांडल्यासारखा खरखरीत थर बसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत, सकाळी ऊन वर आल्यावर, मोकळ्या हवेत आणि मास्क बांधून, साधारण २० ते २५ सेंटिमीटर अंतरावरून आखूड फवारे मारावेत. इतर महिन्यांत कुंचल्याने लावण्याचे ॲक्रिलिक अस्तर घ्यावे, त्याचे दोन पातळ हात द्यावेत आणि रात्रभर वाळू द्यावे. वेळ अधिक जातो, पण काम खात्रीचे होते.

अस्तर काळे द्यावे आणि ते वाळल्यावर फक्त वरच्या बाजूने पांढरे द्यावे. स्प्रे असेल तर डबा मूर्तीच्या डोक्याच्या वर तिरका धरावा. नसेल तर जुन्या चपट्या कुंचल्याने वरून खाली पुसल्यासारखे पांढरे लावावे. खांदे, नाक आणि घड्यांचे माथे उजळतात, काखा आणि झग्याच्या आतल्या बाजू काळ्या राहतात. मूर्ती खऱ्या माणसाच्या सुमारे साठपट लहान असते. एवढ्या आकारात कापडाच्या घडीत खोलीतल्या दिव्याची सावली पुरेशी पडत नाही, ती रंगानेच घालावी लागते, आणि ती कोठे घालायची हे या काळ्या-पांढऱ्या अस्तरावर आधीच दिसते.

निळा झगा

हवाबंद डब्यात ओला स्पंज किंवा घडी केलेला टिश्यू कागद ठेवून त्यावर बेकिंगचा कागद पसरला की ओली पॅलेट तयार होते, आणि तिच्यावर रंग काही तास ओला राहतो. पावसाळ्यात तिच्यातील पाणी दोन दिवसांनी बदलावे, अन्यथा बुरशी धरते.

रंग दुधाइतका पातळ करावा. एका जाड थराने मूर्तीची कोरीव नक्षी बुजते, म्हणून दोन किंवा तीन पातळ हात द्यावेत आणि मधल्या वेळात पंखा लावून वाळू द्यावे. पाणी रंगाच्या निम्म्याहून अधिक झाले तर रंग बांधून ठेवणारा घटक विरळ होतो आणि थर तुटक पडतो. त्याहून पातळ हवा असल्यास माध्यम घालावे. पिवळा, तांबडा आणि पांढरा हे रंग मुळातच कमी झाकतात. पिवळ्याखाली फिकट तपकिरी आणि तांबड्याखाली गुलाबी किंवा विटकरी हात आधी दिला तर पुष्कळ श्रम वाचतात. कुंचला धातूच्या पट्टीपर्यंत कधीही बुडवू नये, कारण मुळाशी वाळलेला रंग केस फाकवतो आणि टोक कायमचे जाते.

मूळ निळा रंग वाळल्यावर वॉश द्यावा, म्हणजे काळपट निळ्या रंगाचे अतिशय पातळ द्रावण, जे आपोआप खाचांत उतरते. सपाट जागी त्याचे डबके साचले तर वाळल्यावर डाग दिसतो, म्हणून ते ओले असतानाच ओलसर कुंचल्याने टिपून घ्यावे. त्यानंतर मूळ निळा पुन्हा केवळ उंच घड्यांवर लावावा आणि हळूहळू उजळ करत जावे. येथे वहीतली नोंद कामी येते. निळ्यात निव्वळ पांढरा मिसळला तर कापड नवे पण खडूसारखे दिसते. उन्हाने विटलेल्या कापडासाठी निळ्यात थोडा राखी आणि अगदी थोडा मातकट पिवळा मिसळावा, आणि हा विटका रंग खांद्यांवर सर्वाधिक, पाठीवर कमी आणि खाली जवळजवळ नाही, असा उतरता ठेवावा. मला हे साधायला चार वेळा झगा पुन्हा रंगवावा लागला, आणि चौथ्या वेळी तो माणूस खरोखर दोन उन्हाळे चालून आल्यासारखा दिसला.

चिखल कसा चढतो हे डोळ्यांनी पाहिलेले बरे. पावसाळ्यातल्या संध्याकाळी मासुंदा तलावाच्या काठाने चालणाऱ्यांच्या सलवारींच्या आणि पँटच्या कडा पाहाव्यात: तळाशी सलग गडद ओल, तिच्या वर वाळून फिकट झालेला पट्टा, आणि त्याहून वर तुरळक शिंतोडे. तोच क्रम स्पंजच्या बारीक तुकड्याने दोन तपकिरी छटा टिपून झग्यावर आणता येतो.

चामडे, लोकर, साखळी-चिलखत अशा खरबरीत पोतासाठी कोरडा कुंचला वापरावा. जुन्या चपट्या कुंचल्यावर रंग घेऊन तो कापडावर जवळजवळ सगळा पुसून टाकावा आणि उरलेला अंश कांगोऱ्यांवरून हलकेच फिरवावा. चिलखत आधी काळे करून त्यावर अशा रीतीने चंदेरी फिरवले की प्रत्येक कडी सुटी दिसते.

डोळ्यांची आखणी

पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत डोळे रंगवण्याला आखणी म्हणतात आणि ते काम अनुभवी कारागिराकडे असते. आपल्या मूर्तीचा डोळा तर मोहरीहूनही लहान असतो. म्हणून चेहऱ्याच्या त्वचेआधी डोळे करावेत: प्रथम गडद तपकिरी आडवी रेघ, तिच्या आत किंचित मळकट पांढरी रेघ, आणि तिच्यावर एक उभी गडद रेघ. टिंबापेक्षा उभी रेघ मध्यावर बसवणे सोपे जाते. कोपरे टेबलावर आणि मनगटे एकमेकांना टेकवून काम करावे. चुकलेले काठ नंतर त्वचेच्या रंगाने झाकता येतात. पात्र खाली पाहत असेल किंवा थकलेले असेल, तर पांढरा अजिबात न लावता केवळ गडद रेघ ठेवावी. माझा वाटाड्या पावसात डोळे बारीक करून पलीकडच्या काठाकडे पाहतो आहे, असे पुस्तकात आहे, आणि त्या एका रेघेत ते आले.

बैठक

बैठकीवर, म्हणजे मूर्तीखालच्या चकतीवर, कथा जेथे थांबली ती जागा उभी करावी. फेव्हिकॉल लावून त्यावर चहाच्या गाळणीतून चाळलेली बांधकामाची वाळू पसरावी; गवतासाठी काथ्याचे तुकडे कापून हिरवट पिवळे रंगवावेत; दगडांसाठी बुचाचे तुकडे तोडून घ्यावेत. माती कुंडीतली पुरते. येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येते, तेथून माती, काटक्या किंवा दगड उचलून आणू नयेत. चिखलाची ओल दाखवण्यासाठी शेवटी चमकदार वार्निशचा हात फक्त त्या जागी द्यावा. उरलेल्या मूर्तीला चमक नसलेले वार्निश कुंचल्याने द्यावे, कारण दमट हवेत स्प्रे वार्निशही अस्तरासारखेच दुधट पडते, आणि या टप्प्यावर ते दुरुस्त करणे फार अवघड असते.

मूर्ती बैठकीला गोंदाने चिकटवू नये. हातात फिरवायच्या छोट्या ड्रिलने तिच्या पायात एक मिलिमीटर जाडीचे भोक रंगवण्यापूर्वीच पाडावे, त्यात कागदाच्या क्लिपची सरळ केलेली तार गोंदाने बसवावी, आणि बैठकीत तेवढेच भोक ठेवून तार नुसती खोचावी. रंगवताना तीच तार बाटलीच्या बुचात खोचली की मूर्तीला बोट न लावता काम करता येते. पुढचा भाग ज्या दिवशी हाती येईल, त्या दिवशी मूर्ती या बैठकीवरून काढून नव्या जागी उभी करता येईल. तोवर माझा वाटाड्या काचेच्या कपाटात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्यांशेजारी, त्याच मालेच्या शेवटच्या खंडाला लागून नदीच्या अलीकडच्या काठावर उभा आहे, आणि पलीकडच्या काठाची चकती मी अजून कोरी ठेवली आहे.