सेल लाइन नक्की तीच आहे ना? या चुका टाळा

शेजारच्या लॅबमधून सेल लाइनचा (एकाच मूळच्या, लॅबमध्ये पिढ्यान्पिढ्या वाढवलेल्या पेशींचा) फ्लास्क मागून आणायचा आणि लेबल वाचून कामाला लागायचं, ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. ‘पेशी नेहमीसारख्याच दिसतात’ हा काही पुरावा नाही.

बाल्टिमोरमध्ये १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून हेला पेशी आल्या. त्या इतक्या झपाट्याने वाढतात की दुसऱ्या फ्लास्कमध्ये एक थेंब गेला तरी काही पॅसेजमध्ये (पेशी नव्या फ्लास्कमध्ये हलवण्याच्या काही फेऱ्यांत) मूळ पेशी हद्दपार होतात. वेगवेगळ्या मानलेल्या अनेक सेल लाइन प्रत्यक्षात हेलाच आहेत, हे आनुवंशशास्त्रज्ञ स्टॅन्ली गार्टलर यांनी १९६६ मध्येच दाखवलं होतं. तरीही चँग लिव्हर ‘यकृताची’, हेप-२ ‘स्वरयंत्राची’, केबी ‘तोंडाच्या कर्करोगाची’ म्हणून अजून वापरली जाते. तिन्ही हेलाच! (हेप-जी२ वेगळी, ती खरोखर यकृताची. ऑर्डर देताना नाव दोनदा वाचा.) एमडीए-एमबी-४३५ वर्षानुवर्षं स्तनाच्या कर्करोगाची समजली गेली, निघाली मेलानोमाची (त्वचेच्या एका कर्करोगाची).

म्हणून आधी चुकीची ओळख मिळालेल्या सेल लाइनची आयसीएलएसी या आंतरराष्ट्रीय समितीची यादी पाहा. ती मोफत आहे आणि तिच्यात पाचशेहून जास्त नावं आहेत. मग पेशी पुण्याच्या एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) सारख्या अधिकृत भांडारातून मागवा.

दुसरी चूक वेळेची. जर्नलने मागितल्यावर एसटीआर चाचणी (डीएनएतल्या छोट्या पुनरावृत्तींवरून पेशी कोणाच्या ते ओळखणारी) करायची, म्हणजे तोवर थिसिस लिहून झालेला. पेशी आल्या की थोड्या वाढवा, व्हायल (छोट्या कुप्या) भरून गोठवा आणि त्याच बॅचचा डीएनए तपासायला द्या. संदर्भ प्रोफाइलशी (त्या लाइनच्या आधी नोंदवलेल्या डीएनए-नमुन्याशी) ८० टक्के किंवा जास्त जुळणी असेल तर दाता साधारणपणे तोच. पण एकाच रुग्णाच्या दोन लाइन यातून वेगळ्या ओळखता येत नाहीत आणि मायकोप्लाझ्माही (पेशींना होणारा सूक्ष्म जिवाणूंचा संसर्ग) कळत नाही. त्याची चाचणी स्वतंत्र.

हूडमध्ये (निर्जंतुक हवेच्या कपाटात) एका वेळी एकच लाइन, प्रत्येक लाइनला मीडियाची (पेशींच्या पोषक द्रावाची) वेगळी बाटली. मार्करने लिहिलेलं नाव अल्कोहोलच्या एका पुसण्यात जातं, तेव्हा लिक्विड नायट्रोजनला टिकणारं छापील लेबलच लावा.

प्रोफाइल जुळलं नाही तर सर्वांत जुनी व्हायल काढून तीही तपासा. ती बरोबर निघाली तर घोळ तुमच्याच इन्क्युबेटरमधला. तीही चुकीची असेल तर बहुधा माल आला तेव्हापासूनचा. एसटीआरच्या आलेखात अनेक ठिकाणी तीन-चार शिखरं दिसली, तर दोन लाइनची भेसळ समजा. असा फ्लास्क वाचवत बसू नका. ऑटोक्लेव्ह करा (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करून टाकून द्या) आणि गाईडना त्याच दिवशी सांगा.