ओव्हर नीट द्या, वॉर्डातही आणि घरातही

वॉर्डात नव्याने रुजू झालेली मुलगी पहिल्या आठवड्यातच विचारते, "सिस्टर, घर आणि ड्युटी दोन्ही कसं जमवता?" मी सांगते, ओव्हर द्यायला शिक, म्हणजे ड्युटी संपताना रुग्णांची माहिती सांगून काम पुढचीच्या हाती सोपवायला. मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली, बावीस वर्षं स्टाफ नर्स आहे. हे मला शिकायला एक चूक करावी लागली.

मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता. दुपारी दोनला ड्युटी संपायची आणि सव्वादोनची बस चुकली की घरी पोहोचायला साडेचार. त्या दिवशी मी पर्स खांद्याला लावून, उभ्याउभ्याच ओव्हर दिली. सात नंबरच्या आजोबांना जेवणाआधीचं इन्सुलिन दिलं होतं, पण जेवण त्यांनी ओकून टाकलं होतं. कागदावर मी लिहिलं, तोंडाने सांगायचं राहून गेलं. तीन वाजता त्यांना दरदरून घाम फुटला, शुगर ४८. नात धावत सिस्टरकडे गेली म्हणून वेळेत ग्लुकोज लागलं. मला बस मिळाली होती. अजूनही त्याची आठवण झाली की पोटात कालवतं.

तर पर्स कपाटात ठेवायची आणि ओव्हर खाटेजवळ जाऊन द्यायची. आधी आत्ता काय चाललंय ते, मग मागे काय झालं, मग आपल्याला काय वाटतं, आणि शेवटी पुढचीने काय करायचं. या पद्धतीला एसबार म्हणतात. ती अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांतून रुग्णालयांत आली. त्या दिवशी मी असं बोलायला हवं होतं: "सात नंबर, शुगरचे आजोबा, आत्ता बोलतायत पण मलूल आहेत. एकला इन्सुलिन दिलं, नंतर जेवण ओकले. शुगर खाली जाईल असं मला वाटतं. आता लगेच तपास, अडीचला पुन्हा तपास. सत्तरच्या खाली आली तर साखरपाणी दे आणि डॉक्टरांना कळव." वीस सेकंदांचं काम. त्यानंतर समोरचीला विचारायचं, "सांग बघू, सातला काय करायचंय?" तिच्या तोंडून बरोबर आलं तरच निघायचं. कुणाला याचा राग आला तर येऊ दे, मी तरीही विचारते.

यातला तिसरा भाग, 'मला वाटतं', नव्या मुली गाळतात. डॉक्टरांपुढे आपण काय बोलणार, असं त्यांना वाटतं. बोला. आणि आपल्यापेक्षा खालच्या हुद्द्यावरच्या माणसाला बोलू द्या. एका एप्रिलमध्ये तापाने फणफणलेला एक तरुण आमच्याकडे आला. आमचा अटेंडंट शेजारच्या सत्तरी तालुक्यातला. त्याने रुग्णाच्या भावाशी चार शब्द बोलून मला बाजूला घेतलं, "सिस्टर, हा महिनाभर काजूच्या बागायतीत बोंडू गोळा करत होता, आणि तिथे माकड मेलेलं दिसलं होतं." सत्तरीत २०१५ पासून माकडताप आहे, तो पसरतो गोचिडींतून, आणि काजूचा हंगाम हाच त्याचा हंगाम. मी डॉक्टरांना ते तसंच्या तसं सांगितलं, रक्त त्याच दिवशी तपासणीला गेलं. रोज सकाळी त्या अटेंडंटला मी नावाने हाक मारते, त्याच्या आईचं गुडघ्याचं दुखणं विचारते. नसतं विचारलं तर तो माझ्याकडे आला असता का, सांगता येत नाही.

आता घर. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या आणि ह्यांचा खाणीवर चालणारा ट्रक अंगणात उभा राहिला. हे घरी, मी ड्युटीवर. मुलाचं सगळं ह्यांच्याकडे दिलं, म्हणजे दिलं असं मला वाटलं. खरं तर मी वॉर्डातून तासातासाला फोन करायचे. हुमणात, म्हणजे माशाच्या आमटीत, सोलं घातलीत का, डब्यात काय दिलंत, तोच शर्ट का घातला. महिन्याभरात हे काहीच करेनासे झाले. सासूबाई एका रात्री म्हणाल्या, "गो, एक तर तू कर, नाहीतर त्याला करू दे." वॉर्डात ओव्हर दिलेल्या खाटेला मी घरून फोन करून हात घालत नाही, मग इथे का?

मग फ्रीजवर एकच कागद लावला, चूक झाली तर महागात पडेल तेवढंच त्यावर. ताप आला तर पॅरासिटामॉल वजनाच्या किलोमागे १५ मिलिग्रॅम, सहा तासांच्या आत पुन्हा नाही. बाटलीवरचं प्रमाण बघून मुलाच्या वजनाचे मिलिलिटरच मी मोजून लिहिले, म्हणजे रात्री दोनला कुणाला गणित करायला नको. डबा, शर्ट, हुमण यातलं एक अक्षर लिहिलं नाही. नंतर हुमण माझ्यापेक्षा ह्यांचंच चांगलं होऊ लागलं.

नाईट संपल्यावर स्कूटर चालवू नका. बसने या, स्टँडवर कुणाला तरी घ्यायला बोलवा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून झोपा. खासगी रुग्णालयात असाल तर बाळंतपणाची रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे आहे, २०१७ पासून, आणि पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं. लेखी अर्ज करा.

राहिली चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. सगळ्यांना तीच सुट्टी हवी असते, आणि रोस्टर, म्हणजे ड्युटीचा तक्ता, लागल्यावर भांडून काही होत नाही. गोव्यात आपलं नशीब चांगलं, शेजारच्या खाटांच्या ड्युटीवर ख्रिश्चन सिस्टर असते. माझी मैत्रीण चवथीचे दोन दिवस माझी ड्युटी करते, मी नाताळची रात्र आणि दुसरा दिवस तिची करते. तिच्या गावच्या चर्चचं फेस्तही, म्हणजे सणही, मी आधीच विचारून घेते, ते ती कधी स्वतःहून सांगत नाही. ही अदलाबदल जूनमध्येच ठरवायची, रोस्टर बनायच्या आधी, आणि तोंडी ठेवायची नाही. वहीत तारखा, दोघींच्या सह्या, इन्चार्ज सिस्टरची सही. एका वर्षी आम्ही तोंडी ठरवलं, मध्येच इन्चार्ज बदलली, आणि गणपतीच्या वर फळांची माटोळी बांधायच्या संध्याकाळी मी वॉर्डात होते.