सालोनेन ऐकायचाय? मग सुरुवात इथून करा

एसा-पेका सालोनेन म्हटलं की बहुतेकांना ऑर्केस्ट्राचा कंडक्टरच (समोर उभं राहून सगळ्यांकडून वाजवून घेणारा) आठवतो, यूट्यूबवर नाव टाकलं तरी त्याने कंडक्ट केलेले दुसरे कंपोझर, माहलर नाहीतर स्ट्राविन्स्कीच, पुढे येतात आणि त्याने स्वतः लिहिलेलं राहूनच जातं. गंमत म्हणजे हेलसिंकीच्या या पोराला (जन्म १९५८, वाद्य फ्रेंच हॉर्न) व्हायचं होतं कंपोझरच, कंडक्टिंग शिकला ते आपले पीस कोणीतरी वाजवून घ्यायला हवं म्हणून! पण १९८३ ला लंडनमध्ये फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्राचा ठरलेला कंडक्टर येऊ शकला नाही, याने माहलरची तिसरी सिंफनी, दीड तासाचं ते धूड, थोड्याच दिवसांत बसवली, आणि मग कंडक्टिंगने त्याला सोडलंच नाही.

तर पहिल्यांदा त्याचा व्हायोलिन कॉन्चेर्टो (पुढे एकटं व्हायोलिन, मागे ऑर्केस्ट्रा) लावा, २००९ चा. लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राचा म्युझिक डायरेक्टर म्हणून १९९२ पासून १७ वर्षं काढून निघता निघता लिहिलेला (त्याच खुर्चीवर १९६२ ते ७८ आपले मुंबईचे झुबिन मेहता होते). अर्ध्या तासाचाच आहे, लेला जोसेफोविचने वाजवलेलाच घ्या, तिच्यासाठीच लिहिलाय. हेडफोन लावा, मोबाईलच्या स्पीकरवर निम्मं ऐकूच येत नाही. सुरुवातीला व्हायोलिन असं सुटतं की वाटतं हे मगाचपासून चालूच होतं, आपणच उशिरा पोचलो. धुन शोधत बसू नका, वेग कुठे बदलतो तेवढं धरा. तिसऱ्या भागात चक्क ड्रम किट येतो, तिथे आवाज कमी करायचा नाही.

मग एलए व्हेरिएशन्स, १९९६. हे ऐकण्याआधी पेटी असेल तर एका सप्तकातल्या बारा पट्ट्या बघा, त्यातले सहा स्वर एका कॉर्डमध्ये (म्हणजे एकदम वाजणारे), उरलेले सहा दुसरीत, आणि या दोन कॉर्डवर सगळा पीस उभा. दोन्ही ओळखू आल्या पाहिजेत असं काही नाही, मला अजून येत नाहीत. फक्त एवढा मोठा ऑर्केस्ट्रा असूनही गिचमिड होत नाही ते ऐका, रोज पोडियमवर उभं राहणाऱ्याचा कान आहे तो.

विंग ऑन विंग शेवटी ठेवा, त्यात लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक जिथे वाजवते त्या डिस्ने हॉलचे आर्किटेक्ट फ्रँक गेरी यांचा आवाज आहे, पहिल्याच दिवशी ऐकलात तर वैतागाल.

हे झालं की परत कॉन्चेर्टोवर या, आणि शेवटची कॉर्ड नीट ऐका. आधीच्या अर्ध्या तासातल्या कशाशीच ती जुळत नाही.