मोठा टीव्ही स्वस्तात घ्यायचा, तर आधी त्याची पाठ बघा

कराडात माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. मी टीव्ही विकत नाही, त्यामुळे कुठला ब्रँड खपला नि कुठला पडून राहिला, मला फरक पडत नाही. दसरा जवळ आला की ओळखीच्यांचे फोन सुरू होतात: "पंचावन्न इंची बत्तीस हजारांत मिळतोय, घेऊ का?" मी उलट तीन गोष्टी विचारतो. बनवलाय कुणी, बिघडला तर येणार कोण, आणि घरी तुम्ही बघता काय? किमतीचं त्यानंतर.

किमतीतली एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. मूळ किंमत तीच धरली तर त्याआधी ३२,००० ला मिळणारा टीव्ही २९,५०० ला पडायला हवा. जुना भाव माहीत असेल तर हा हिशोब करून बघा. खोक्यावरची एमआरपी आणि तिच्यावरची 'साठ टक्के सूट' यांचा विचारच करू नका. ती एमआरपी सूट दाखवण्यासाठीच छापलेली असते.

आता नावाचं. कोडॅक, थॉमसन, ब्लॉपुंक्ट ही जुनी परदेशी नावं आपल्याकडच्या टीव्हीवर आली ती नोएडाच्या सुपर प्लास्ट्रॉनिक्सने परवान्यावर घेतल्यामुळे. एसर नावाचे टीव्ही बंगळूरच्या इंडकलने असेच परवान्यावर आणले. तोशिबाचा टीव्हीचा धंदा २०१८ मध्ये हायसेन्सकडे गेला, आणि आयफाल्कन म्हणजे टीसीएलच. यात फसवाफसवी काही नाही. पण नाव जर्मन आहे म्हणून आतला माल जर्मन, असं समजून दोन हजार जास्त मोजू नका. टीव्हीच्या किमतीतला निम्म्याहून मोठा हिस्सा पॅनेलचा, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या पडद्याचा, आणि बहुतेकांची पॅनेलं चीनमधल्या बीओई, सीएसओटी, एचकेसी अशा मोजक्या कारखान्यांतून येतात. म्हणून दुकानात टीव्हीच्या मागे जा. स्टिकरवर उत्पादकाचं नाव-पत्ता, बनवल्याचा महिना-वर्ष आणि बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) 'आर-' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. क्रमांक नसेल तर भाव कितीही पाडून दिला तरी तो टीव्ही नको. वर्षभर गोदामात पडलेला असेल तर महिना दाखवून भाव आणखी पाडून मागा.

खरी मेख आहे ती बॅकलाइटमध्ये, म्हणजे पडद्यामागच्या उजेडात, म्हणून इथे जरा थांबतो. स्वस्तातला मोठा टीव्ही उघडला की पत्र्याच्या पाठीवर अ‍ॅल्युमिनियमच्या लांब पट्ट्या दिसतात. पट्टीवर ठरावीक अंतरावर गोल भिंगं, प्रत्येक भिंगाखाली एक एलईडी. वर पांढरा रिफ्लेक्टर, मग डिफ्यूजरची जाड शीट, दोन-तीन पातळ फिल्म, आणि सगळ्यात वर ज्याला गिऱ्हाईक 'काच' म्हणतं ते पॅनेल. पैसे वाचवायचे तर कारखाना पट्ट्या कमी करतो, आणि उरलेल्या एलईडींतून करंट जास्त सोडतो. पडदा तेवढाच उजळ दिसतो, पण एलईडी तापतात. त्या एकामागोमाग एक माळेत जोडलेल्या असतात, त्यामुळे एक जळून तुटली की ती माळच बंद, आणि बहुतेक टीव्हींत ड्रायव्हर, म्हणजे एलईडींना वीज देणारं सर्किट, मग सगळा बॅकलाइट बंद करतो. आवाज येतो, चित्र नाही. माझ्याकडे मोठ्या टीव्हीच्या तक्रारी येतात त्यांत ही नेहमीची. खात्री करायची तर खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याजवळ तिरका धरा. आत पुसट माणसं हलताना दिसली तर पॅनेल शाबूत आहे, फक्त उजेड गेलाय.

पट्ट्या महाग नसतात. महाग असतं ते काच उचलणं. ५५ इंचीला दोन माणसं आणि व्हॅक्यूम कप लागतात. ६५ इंचीची काच उचलताना मी आजही श्वास रोखतो, कारण ती तडकली की दुरुस्तीचा विषय संपला. नवं पॅनेल जवळजवळ नव्या टीव्हीच्या भावात जातं.

म्हणून घरी आणल्यावर पहिलं काम: पिक्चर मोड 'विविड'वरून 'स्टँडर्ड' किंवा 'मूव्ही'वर आणा आणि बॅकलाइट १०० वरून ६०-७० वर उतरवा. बॅकलाइटशिवाय ब्राइटनेस नावाची वेगळी सेटिंग असेल, तर ती बहुधा काळ्या भागाची. तिला हात लावू नका. संध्याकाळच्या खोलीत ६० भरपूर होतो, एलईडीचं आयुष्य वाढतं आणि डोळेही सुखावतात.

दुकानात टीव्ही पारखायचा कसा? तिथे लावलेला मोर-फुलपाखरांचा व्हिडिओ बघू नका, त्यात सगळेच टीव्ही सुंदर दिसतात. सेल्समनला शॉप मोड काढून होम मोड लावायला सांगा, आणि सेट टॉप बॉक्सवर साधी, एचडी नसलेली मराठी वाहिनी लावायला लावा. आपल्याकडे बहुतेक घरांत दिवसभर तेच चालतं. फ्री डिशची छत्री असेल तर मग नक्कीच बघा. ४के पडद्यावर ८० लाखांहून जास्त ठिपके असतात आणि साध्या वाहिनीतून येतात जेमतेम चार लाख. उरलेले ठिपके टीव्हीचा प्रोसेसर अंदाजाने भरतो. बजेट टीव्हीत हा प्रोसेसर दुबळा असतो, आणि पडदा जितका मोठा तितकं ते उघडं पडतं. मालिकेतल्या सासूबाईंचा चेहरा मेणाचा दिसला तर समजायचं.

पेन ड्राइव्हवर दोन चित्रं न्या, एक निव्वळ राखाडी आणि एक काळं. राखाडीत कोपरे मळकट किंवा मधे उभे पट्टे दिसले तर क्रिकेटच्या मैदानावर कॅमेरा फिरला की तेच दिसणार. तुम्ही तोच नग घरी नेणार नाही हे खरं, पण त्या मॉडेलचा दर्जा कळतो. मग बाजूला सरकून तिरकं उभं राहा. पॅनेलं मुख्यतः दोन जातींची, व्हीए आणि आयपीएस. व्हीए पॅनेलचा काळा रंग समोरून दाट असतो, पण बाजूने बघितलं की रंग उडतात. आयपीएसचे रंग बाजूनेही टिकतात, पण काळा रंग राखाडी वाटतो. तुमच्याकडे निम्मी माणसं बाजूच्या दिवाणावर बसत असतील तर आयपीएस, नाहीतर व्हीए.

खोक्यावरच्या चकचकीत चिन्हांपैकी दोनच खोदून विचारा. एचडीआर, म्हणजे उजेड-अंधारातला जास्त फरक दाखवणारं चित्र, असं लिहिलेलं असतं, पण पडदा २५०-३०० निटचा (निट हे उजेडाचं माप) असेल तर एचडीआरचं चित्र उलट काळवंडलेलं दिसतं. त्यासाठी पाचशे-सहाशे निट आणि लोकल डिमिंग लागतं, म्हणजे बॅकलाइटचे वेगवेगळे भाग (झोन) चित्राप्रमाणे मंद करता येणं. झोन किती, असा थेट प्रश्न करा. सेल्समन गडबडला तर बहुधा झोन नाहीतच. दुसरं १२० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणं. बऱ्याच स्वस्त मॉडेलांत पॅनेल ६० चंच असतं, आणि १२० चा आकडा एमईएमसीच्या (दोन चित्रांमध्ये टीव्हीने स्वतः बनवलेली चित्रं भरण्याच्या) नाहीतर उभी स्पष्टता निम्मी करून साधलेल्या गेम मोडच्या जिवावर लिहिलेला असतो. 'नेटिव्ह किती', म्हणजे पॅनेलचा स्वतःचा आकडा किती, हे विचारा.

रॅम, स्टोरेज यांवर फार वेळ घालवू नका. अधिकृत गूगल टीव्ही आहे ना आणि नेटफ्लिक्स आधीपासून आहे ना, एवढं बघा. नुसतं 'अँड्रॉइड' लिहिलेल्या अनोळखी टीव्हीत वाइडव्हाइन एल१ (ओटीटीवर पूर्ण स्पष्ट चित्र मिळण्यासाठी लागणारी सुरक्षा-मान्यता) नसेल तर ४के पडद्यावरही चित्रपट ४८० रेषांतच दिसतो. बाकी सॉफ्टवेअर तीन वर्षांनी मंदावणारच. तेव्हा एचडीएमआय पोर्टात खोचायची स्मार्ट स्टिक लावता येते. पॅनेल तसं बदलता येत नाही. आवाजाचंही तेच, एआरसी लिहिलेला, म्हणजे टीव्हीचा आवाज बाहेर देणारा, एचडीएमआय पोर्ट असू द्या, साउंडबार पुढे कधीतरी.

५५ की ६५? ६५ चा पडदा क्षेत्रफळाने चाळीस टक्के मोठा, रुंदी १४४ सेंमी. ५५ ची १२२. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून मोजा, आणि जिन्याचं वळणही मोजा. बसायचं अंतर सात-आठ फूट असेल तर ५५ पुरतो. माझं मत स्पष्ट आहे. बजेट ४५-५० हजार असेल तर झोनवाला ५५ घ्यावा, साधा ६५ नव्हे. पण एक मेख आहे. साध्या बॅकलाइटच्या टीव्हीचा मदरबोर्ड गेला तर आमच्यासारखे लोक युनिव्हर्सल बोर्ड, म्हणजे अनेक कंपन्यांच्या टीव्हींना चालणारा बोर्ड, बसवून बऱ्याचदा चालू करतात. झोनवाल्यात ती सोय जवळजवळ नाही, बोर्ड कंपनीचाच लागतो. त्यामुळे ज्याच्या गावाकडे कंपनीचा माणूस पोचत नाही, त्याला मी साधा टीव्हीच सांगतो.

ते कळणार कसं? घेण्याआधी कस्टमर केअरला फोन करा आणि टीव्ही घेतलाय असं समजून बोला. पिनकोड द्या. माणूस घरी येतो की टीव्ही साताऱ्याला न्यावा लागतो? पॅनेलवर वॉरंटी किती? पार्ट यायला किती दिवस? पाटणकडच्या एका गिऱ्हाईकाला वॉरंटीत असूनही बोर्डासाठी गणपतीपासून दिवाळी उलटेपर्यंत थांबवलं होतं, आणि दर वेळी नवा तक्रार क्रमांक. असं झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तक्रार लेखी करा, बिल जपा. एक्स्टेंडेड वॉरंटी घेणार असाल तर तिच्यात पॅनेल येतं का, ते वाचून पैसे द्या.

ऑनलाइन मागवलात तर ओपन बॉक्स डिलिव्हरीच घ्या. खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा, टीव्ही कधीही आडवा झोपवू नका, आणि चालू करून पडदा बघितल्याशिवाय ओटीपी देऊ नका. भिंतीवर लावण्याआधी मागच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा, नंतर मॉडेल नंबर वाचायला टीव्ही उतरवावा लागतो. भिंत सिपोरेक्सच्या हलक्या ठोकळ्यांची असेल तर फिटिंगवाल्याला आधीच सांगा, साधा प्लग त्यात धरत नाही.

आणि पुसताना पडद्यावर काहीही फवारू नका. पाणी ओघळून खालच्या कडेला जातं, आणि पॅनेलला सिग्नल देणाऱ्या पातळ फिती बहुधा तिथेच चिकटवलेल्या असतात. मग उभ्या रेघा येतात, आणि त्या वॉरंटीत बसत नाहीत. कोरडं मऊ कापड घ्या, टीव्ही बंद करा, पाच मिनिटं थंड होऊ द्या, मग पुसा.