केसेस असलेल्या घराने सरळ मार्गाला लागताना: आधी वॉरंट, मग धंदा

घरात तिघाचौघांवर केसेस असतील तर आधी गाडा टाकायचं बघू नका, जुनी वॉरंटं मिटवा. वकिलासाठी कोल्हापुरात कसबा बावड्यातल्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा विधी सेवेच्या १५१०० या हेल्पलाइनवर फोन करा. बायका, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतले यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो.

प्रत्येकाची वही वेगळी ठेवा: केस नंबर, कोर्ट, पुढची तारीख. तारीख चुकली की वॉरंट निघतं, आणि पोलीस नेमके गिऱ्हाइकांची गर्दी असताना दारात येतात. निघालंच तर पळायचं नाही; वकील घेऊन स्वतः हजर व्हा, रद्दचा अर्ज द्या.

चॅप्टर केसच्या (शांतता राखीन, गुन्हा करणार नाही अशी हमी घेण्याची कारवाई) बाँडवर रक्कम आणि मुदत वाचूनच सही करा. तडीपारी जास्तीत जास्त २ वर्षांची असते, अपील ३० दिवसांत. तडीपारी चालू असताना “आईला बघून लगेच येतो” म्हणून हद्दीत शिरलात तर नवा गुन्हा.

धंदा कुठलाही करा, भंगार आणि जुने मोबाईल सोडून. ओळखीचंच कुणीतरी चोरीचा माल आणून टाकतं, आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ (चोरीचा माल घेणं, बाळगणं) लागतं. मिसळीचा गाडा बरा: अन्न परवान्याची नोंदणी, मटकी-फरसाणची बिलं फाइलला.