बाळाची मान एकाच बाजूला कलत असेल तर

बाळ महिना-दीड महिन्याचे झाल्यावर त्याचे डोके सतत एकाच खांद्याकडे कलते, हनुवटी विरुद्ध बाजूला वळलेली असते आणि एका बाजूला पाजताना ते कुरकुरते, असे दिसल्यास ‘मोठे झाल्यावर होईल सरळ’ म्हणून वाट पाहू नये. कानामागून छातीच्या हाडापाशी उतरणारा मानेचा स्नायू आखूड राहिल्याने बहुधा असे होते. काही बाळांच्या या स्नायूत लहानशी गाठही हाताला लागते. फिजिओथेरपी तीन महिन्यांच्या आत सुरू झाल्यास बहुतेक मुलांची मान शस्त्रक्रियेविना मोकळी होते.

आधी बालरोगतज्ज्ञांकडून मणके, डोळे आणि खुबे तपासून घ्यावेत, कारण डोके कलण्यामागे तिरळेपणा असू शकतो आणि अशा काही बाळांच्या खुब्यातही दोष सापडतो.

फिजिओथेरपिस्ट मान ताणण्याचे व्यायाम शिकवतात, पण उपचाराचा मोठा भाग घरी, बाळाला उचलता-निजवताना घडतो. समजा, डोके उजवीकडे कलते आणि तोंड डावीकडे वळते. अशा वेळी बाळाला उजवीकडे पाहावेसे वाटले पाहिजे: डावीकडे भिंत आणि उजवीकडे खोलीतली वर्दळ येईल असे निजवावे, खुळखुळा उजवीकडून वाजवावा, त्याच बाजूने बोलावे, आणि पाजतानाही तोंड उजवीकडे वळेल असे धरावे. जागेपणी, कोणीतरी समोर बसलेले असताना, दिवसातून अनेकदा थोडा थोडा वेळ पालथे ठेवावे. त्याने मानेला बळ येते आणि डोके चपटे होण्याचा धोकाही कमी होतो. झोपताना मात्र बाळ उताणेच हवे.

डोक्याला आकार यावा म्हणून आपल्याकडे मोहरीची उशी देतात. मायेपोटी दिलेली असली तरी ती काढून ठेवावी, कारण झोपेत उशीने श्वास अडण्याचा धोका असतो. मालिश करणाऱ्या बाईंनाही मान ओढू नये, असे स्पष्ट सांगावे. ताण देताना बाळ जोराने विरोध करू लागले, तर तिथेच थांबावे.

खर्चाची अडचण असल्यास अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंना विचारावे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर उभारलेल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत असे उपचार मोफत मिळतात. मान अचानक वाकडी झाली, सोबत ताप किंवा उलट्या असल्या, तर व्यायाम न करता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.